टायर मालकाचा, रस्ता आपला

(पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या खिशाचा आहे, म्हणून सवडीने का होईना, पूर्ण वाचा.)

आपल्याकडे ट्रकची ओळख टायरवरून होते. सहा टायर, दहा टायर, बारा, चौदा, बावीस. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला की तो आधी मालाचं वजन विचारतो आणि लगेच सांगतो, "मग दहा टायर लागेल." गाडीची कंपनी, इंजिन, मॉडेल या गोष्टी नंतर. टायर किती, यावर गाडी किती माल ओढणार हे ठरतं आणि कायदाही तसंच मोजतो.

आता युरोपातला एखादा मोठा ट्रेलर डोळ्यासमोर आणा. मागे तीन एक्सल, म्हणजे आपल्या हिशोबाने बारा टायर पाहिजेत. तिथे मोजले तर सहाच भरतात. प्रत्येक बाजूला दोन टायरच्या जोडीऐवजी एकच, पण चांगला रुंद टायर. अमेरिकेत 'अठरा चाकी' हा शब्द म्हणजे मोठ्या ट्रेलरचं टोपणनावच. तिथेही काही मालकांनी २००० सालानंतर जोड टायर काढून रुंद सिंगल टायर घातले आणि अठरा चाकी गाडी दहा चाकी झाली.

वरवर बघता हा गॅरेजमधला विषय. मालकाने कोणता टायर घालावा हे त्याने ठरवावं, आपल्याला काय त्याचं? पण टायरचं एक टोक गाडीला असतं आणि दुसरं रस्त्याला. गाडी मालकाची असते. रस्ता आपला असतो. चाकाच्या रुंदीवरून सरकार आणि गाडीवाले यांच्यात पावणेतीनशे वर्षं भांडण चाललंय आणि त्यात दर वेळी एकच प्रश्न उरतो: वाचलेला पैसा कोणाचा आणि झिजलेला रस्ता कोणाचा?

आधी साधा हिशोब समजून घेऊ.

जोड टायरचे फायदे कोणताही ड्रायव्हर सांगेल. एक फुटला तर दुसऱ्यावर रेटत पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. तोटेही तोच सांगेल. आतल्या टायरची हवा कोणी तपासत नाही. टॉमी मारून आवाजावरून अंदाज घ्यायचा. दोन टायरच्या मध्ये दगड अडकतो. आतला बसला की सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि तोही तापून जातो.

रुंद सिंगल टायरला चार भिंतींऐवजी दोनच भिंती. टायर फिरताना त्याच्या भिंती आणि पट्टा सतत दबतात, परत उघडतात आणि त्यात ताकद वाया जाते. हायवेच्या वेगाला मोठा ट्रक जेवढं डिझेल जाळतो त्यातला साधारण तिसरा हिस्सा टायर फिरवण्यातच जातो. भिंती कमी म्हणजे डिझेल कमी. शिवाय दोन डिस्कऐवजी एकच डिस्क. सगळ्या एक्सलवर मिळून काहीशे किलो वजन वाचतं आणि तेवढा जास्त माल भरता येतो. दुधाचे, तेलाचे, सिमेंटचे टँकर चालवणाऱ्यांना म्हणूनच ही कल्पना आधी आवडली. त्यांच्यासाठी किलो म्हणजे पैसा.

फुटला तर मात्र गाडी जागेवर उभी. रेटत जाण्याचा पर्याय नाही.

इथपर्यंत व्यवहार मालकाचा. आता रस्त्याकडे येऊ. त्यासाठी रबराच्याही आधी जावं लागेल.

अठराव्या शतकातलं इंग्लंड. तिथे टर्नपाइक म्हणजे टोलचे रस्ते सुरू झाले होते. स्थानिक मंडळींचे ट्रस्ट असत, ते टोल घेत आणि त्यातून रस्ता दुरुस्त करत. रस्ते खडी-मातीचे. त्यावरून आठ-आठ घोड्यांचे मालाचे गाडे जात. चाकं लाकडी, वर लोखंडी धाव, आणि धाव अरुंद. आपल्याकडच्या जुन्या बैलगाडीने पावसाळ्यात पांदीत चाकोरी पाडावी, तशी त्या चाकांनी रस्त्यात पाडली. टोल घेऊनही रस्ता टिकेना.

१७५३ साली ब्रिटिश संसदेने रुंद चाकांचा कायदा केला. टोल रस्त्यावर जड गाडा न्यायचा तर चाकाची रुंदी नऊ इंच पाहिजे. विचार असा की अरुंद चाक रस्ता कापतं, रुंद चाक रूळासारखं दाबतं. पुढच्या काळात तर सोळा इंच रुंदीच्या पट्ट्यावर लोळणाऱ्या गाड्यांना टोलमध्ये भरपूर सूट मिळाली, काही काळ माफीसुद्धा. गाडी जेवढी रुंद चाकाची, तेवढा मालक रस्त्याचा मित्र, अशी सरकारची समजूत.

गाडीवाल्यांनी नियम पाळला. पण आपल्या पद्धतीने.

त्या काळची चाकं सरळ उभी नसत. आस टोकाला थोडा खाली वाकवलेला असे आणि चाक तिरकं बसे. रुंद चाक तसंच बसवायचं तर त्याची धाव निमुळती, शंकूच्या आकाराची करावी लागे. घरातला निमुळता पेला टेबलावर आडवा लोळवून बघा. तो सरळ जात नाही, गोल फिरतो. त्याला जबरदस्तीने सरळ न्यायचं तर तो घासत जातो. नऊ इंचाची ती निमुळती चाकं रस्त्यावर हेच करत होती. खडी दबायच्या ऐवजी दळली जात होती. काहींनी आणखी सोपी युक्ती काढली. रुंद चाकावर धावेच्या तीन पट्ट्या, त्यातली मधली थोडी वर आलेली. मोजायला आलेल्या माणसाला नऊ इंच भरत, रस्त्याला मात्र मधली पट्टीच टेकत असे.

अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने अठराव्या शतकाच्या शेवटी यावर निबंध लिहिला. (आजच्या फ्लशच्या संडासाखाली जी वाकडी नळी असते, तिचं १७७५ सालचं पेटंट याच गृहस्थाचं.) निमुळतं चाक ओढायला जड जातं आणि रस्ताही दळतं, म्हणून सपाट धावेचं चाक वापरा, हे त्याने मांडून दाखवलं. तोवर चाळीस वर्षं सरकार रस्ता दळणाऱ्या चाकांना टोलची सवलत देत बसलं होतं.

इथला धडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कायद्याने चाकाची रुंदी मोजली. रस्त्याला टेकणारी रुंदी मोजली नाही.

पुढे मोटार आली, रबर आलं. सुरुवातीच्या ट्रकना भरीव रबराची चाकं होती. गाडी हळू चालायची आणि हादरे गाडीलाही बसायचे, रस्त्यालाही. १९१७ साली अमेरिकेत गुडइयर कंपनीने हवेच्या टायरवर ॲक्रन ते बोस्टन ट्रक पाठवायला सुरुवात केली, लोकांना पटावं म्हणून. पहिल्याच फेरीत टायर फुटत राहिले. पण चिकाटीने फेऱ्या चालू ठेवल्या आणि ट्रकलाही हवेचा टायर चालतो हे सिद्ध झालं. पुढे वजन वाढत गेलं. एका टायरला जो भार पेलेना, तो एकाच एक्सलवर प्रत्येक बाजूला दोन टायर लावून पेलला. जोड टायर असे रुळले. त्यात रस्त्याचा फायदाही आपोआप झाला. भार दोन ठिकाणी विभागला गेला.

किती फायदा, याचं गणित पुढे निघालं. त्यासाठी फार मोठा प्रयोग झाला.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ऑटावा नावाचं छोटं गाव आहे (कॅनडाच्या राजधानीशी गल्लत नको). तिथे १९५८ ते १९६० या काळात रस्ते मुद्दाम बांधून मुद्दाम तोडले गेले. आशो रोड टेस्ट म्हणून हा प्रयोग ओळखला जातो. वेगवेगळ्या जाडीचे डांबरी आणि काँक्रीटचे आठशेहून जास्त तुकडे. त्यावर दोन वर्षं लष्कराचे सैनिक ट्रक फिरवत होते. एका तुकडीत हलके ट्रक, दुसरीत जड, आणखी एकीत त्याहून जड. एक्सलच्या अकरा लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या. त्या काळी दोन कोटी सत्तर लाख डॉलर खर्च आला.

निष्कर्ष जगभरच्या रस्ते इंजिनिअरांना आज पाठ आहे. एक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. दोनचा चौथा घात. नियम ढोबळ आहे, प्रत्येक रस्त्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, पण दिशा पक्की. या हिशोबाने अर्ध्या टनाच्या मोटारीच्या एक्सलपेक्षा आठ टनाच्या ट्रकच्या एक्सलने होणारी झीज पासष्ट हजार पट भरते. रस्ता मोटारसायकलींनी आणि कारनी उखडत नाही. उखडतो तो एक्सलच्या भाराने.

या प्रयोगातून 'प्रमाण एक्सल' जगभर रुळला. वजन १८ हजार पौंड, म्हणजे साधारण आठ टन. आणि एक तपशील महत्त्वाचा: तो एक्सल जोड टायरचा आहे. रस्ता किती वर्षं टिकेल याचं गणित जोड टायर गृहीत धरून होतं.

आणि नेमका हाच टायर युरोपात बदलायला लागला.

रेडियल टायर सुधारले तसं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातले ट्रेलर सिंगल टायरवर जाऊ लागले. ३८५ मिलिमीटर रुंदीचा टायर तिथे जवळपास ठरूनच गेला. आता टेप घेऊन मोजा. जोडीतला एक टायर साधारण २७५ मिलिमीटरचा. दोन मिळून ५५०. त्यांच्या जागी आला ३८५ चा. नाव 'रुंद', पण ज्या जोडीच्या जागी बसला तिच्यापेक्षा अरुंदच. नऊ इंचाच्या चाकाची आठवण झाली का?

युरोपातल्या अनेक देशांच्या रस्ते संशोधन संस्थांनी मिळून यावर अभ्यास केला. 'कॉस्ट ३३४' या नावाने त्याचा अहवाल २००१ साली आला. तो एकांगी नव्हता. जोड टायरमध्ये दोघांची हवा क्वचितच सारखी असते, त्यामुळे जोडीचा फायदा कागदावर दिसतो तेवढा प्रत्यक्षात मिळत नाही, हेही त्यात धरलं होतं. तरीही मुख्य गोष्ट राहिलीच: तेवढंच वजन रुंद सिंगल टायरवर टाकलं तर रस्ता जोड टायरपेक्षा जास्त झिजतो. डांबराचा थर पातळ असेल तिथे फरक जास्त जाणवतो, कारण टायरचा ताण वरच्याच थरांत जास्त असतो. खोल गेल्यावर पायाला एकूण वजन कळतं, टायर एक की दोन हे फारसं कळत नाही.

मग युरोपने सिंगल टायर बंद केला का? नाही. सौदा केला. ट्रेलरला तीन एक्सल आणि तिघांवर मिळून २४ टन, म्हणजे एकावर आठ. तेवढ्यात सिंगल टायर चालवून घेतला. ट्रक ओढणाऱ्या एक्सलवर वजन जास्त, साडेअकरा टन, आणि तिथे बहुतेक ठिकाणी जोड टायर राहिले. ओढणारे दोन एक्सल असतील तर मर्यादा १८ टन. जोड टायर आणि हवेचं सस्पेन्शन असेल तर १९. म्हणजे रस्त्याला जपणाऱ्या गाडीला एक टन बक्षीस, आणि ते कायद्यात लिहिलेलं.

अमेरिकेची वाट वेगळी. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे हायवेवरचा वेग ताशी ५५ मैलांवर आला आणि ट्रकवाले ओरडले. १९७४ च्या कायद्याने एका एक्सलची केंद्रीय मर्यादा १८ हजारांवरून २० हजार पौंडांवर गेली आणि गाडीचं एकूण वजन ७३,२८० वरून ८० हजार पौंडांवर, म्हणजे साधारण ३६ टनांवर. एका एक्सलवर वजन ११ टक्के वाढलं. चौथ्या घाताने गुणा, झीज ५२ टक्के वाढते. तेलाचं संकट गेलं, वेगाची ती मर्यादाही पुढे गेली. वजन मात्र खाली आलं नाही. वजनाची मर्यादा एकदा वर गेली की खाली येत नाही, हा कुठल्याही देशातला अनुभव.

सुरुवातीच्या सिंगल टायरना अमेरिकेने फार जवळ केलं नाही. सरकारी चाचण्यांत त्यांनी डांबराला लवकर तडे जाताना दिसले. २००० साली मिशेलिनने 'एक्स वन' आणला. रुंदी ४४५ आणि ४५५ मिलिमीटर. आधीच्यापेक्षा बराच रुंद आणि म्हणून रस्त्यालाही बराच सुसह्य, पण जोडीच्या ५५० पेक्षा अजूनही कमी. २००४ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने डिझेल वाचवणाऱ्या साधनांसाठी 'स्मार्टवे' योजना सुरू केली आणि सिंगल टायर त्यात बसला. तीन टक्के किंवा जास्त डिझेल वाचतं, हे सरकारनेच सांगितल्यावर मोठ्या कंपन्या वळल्या.

गंमत बघा. एकाच सरकारचं पर्यावरण खातं म्हणतं सिंगल घाला, धूर कमी होतो. रस्ते खातं म्हणतं जपून, डांबर फाटतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

अनेक राज्यांनी मधला मार्ग धरला. टायरची संख्या सोडा, टायरच्या रुंदीच्या दर इंचाला ठराविक पौंड वजन, असा नियम. कॅनडातल्या काही प्रांतांनी रुंद सिंगलला जोड टायरपेक्षा कमी वजन दिलं. तिथे बर्फ वितळताना रस्त्याचा पाया मऊ होतो, ती काळजी त्यांना जास्त.

आणि पुढची कलाटणी बाजारातून आली. सिंगलच्या स्पर्धेमुळे जोड टायर बनवणारेही जागे झाले आणि कमी डिझेल खाणारे जोड टायर निघाले. जुनी सिंगल टायरची गाडी विकायला गेलं की भाव कमी येतो, रस्त्यात फुटला तर आडगावी ते माप मिळत नाही, या कारणांनी काही मालक परत जोडीवर आले. म्हणजे सिंगल ही काही प्रगतीची एकेरी वाट नव्हे. कुठल्या रस्त्यावर, किती वजनाला, कोणाच्या खर्चाने, यावर ते ठरतं.

आता आपल्याकडे येऊ.

रस्त्याचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न भारतात रीतसर मांडणारा माणूस मराठी होता. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो, विद्यापीठातलं ग्रंथालय त्यांच्या नावाचं आहे. पण १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते, हे फार कमी जणांना माहीत असतं. जयकर समितीने सांगितलं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांना द्या. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला. समितीच्याच शिफारशीच्या वाटेने १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, जी आजही रस्ता कसा बांधायचा याची मानकं ठरवते.

जो रस्ता वापरेल तो इंधनातून पैसे देईल, हे तत्त्व त्या काळाला चोख होतं. आज पंपावर आपण जे देतो त्यात रस्त्याचा उपकर आहे, तो त्याच विचाराचा वारस. पण सिंगल टायरने या तत्त्वाला कशी चीर पडते बघा. कर लिटरवर आहे, झीज एक्सलच्या वजनाच्या चौथ्या घातावर. सिंगल टायरची गाडी डिझेल कमी जाळणार, म्हणजे रस्त्याला पैसे कमी देणार. आणि तेवढ्याच वजनाला रस्ता जास्त झिजवणार. फरक कोण भरणार? आपण.

आपल्या मानकांत काय आहे? डांबरी रस्त्याच्या आयआरसी ३७ या मानकात जोड टायरच्या एका एक्सलसाठी पायाभूत वजन ८० किलोन्यूटन धरलंय, सिंगल टायरच्या एक्सलसाठी ६५. सोप्या भाषेत, जोड टायरवर आठ टन आणि साध्या सिंगल टायरवर साडेसहा टन रस्त्याला सारखेच जड. तेच आठ टन सिंगलवर टाकले तर झीज सुमारे २.३ पट. रुंद टायर अर्थातच साध्या सिंगलपेक्षा बरा, तो या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसणार. मध्ये कुठे, हे त्याच्या रुंदीवर, हवेवर आणि खालच्या रस्त्यावर ठरतं.

आता वजनाचा कायदा. आपली जुनी मर्यादा १९८३ ची: जोड टायरच्या एका एक्सलला १०.२ टन. प्रत्यक्षात काय भरलं जायचं ते नाक्यावर उभं राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. काही राज्यं तर पैसे घेऊन ओव्हरलोडची कार्डंच द्यायची. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंद पाडलं. मग जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली. एका एक्सलला १०.२ चे ११.५ टन, जोड एक्सलला १९ चे २१, ट्रेलरच्या तीन एक्सलना २४ चे २७. बावीस टायरचा ट्रेलर ४९ टनांवरून ५५ टनांवर गेला. सरकारचं म्हणणं होतं की फेऱ्या कमी होतील, डिझेल वाचेल, वाहतूक स्वस्त होईल. त्यात तथ्य आहे. पण एका एक्सलवर वाढलेले साधारण १३ टक्के चौथ्या घाताने ६० टक्क्यांवर जातात, हे त्या दिवशीच्या बातम्यांत फारसं कोणी सांगितलं नाही.

आपला तक्ता टायर मोजतो. दोन टायरचा एक्सल, चार टायरचा एक्सल. म्हणून सिंगल टायर लावून ट्रेलरवाल्याला आज फायदा नाही, त्याचं मंजूर वजनच घटतं. पण डिझेलचा भाव आणि धुराचे नियम बघता आज ना उद्या हा विषय दारात येणार. तेव्हा युरोपात चालतं, मग इथे का नको, असं विचारलं जाईल. उत्तरासाठी फक्त भागाकार करा.

युरोपात तीन एक्सलवर २४ टन. सहा टायर. एका टायरवर चार टन. ३८५ चा सर्रास मिळणारा टायर साधारण साडेचार टन पेलतो. अर्ध्या टनाची सवड राहते. आपल्याकडे तीन एक्सलवर २७ टन. सहा टायर लावले तर एकावर साडेचार टन. सवड शून्य. दोन एक्सलचे २१ टन घेतले तर चार टायर, एकावर सव्वापाच टन. टायरच्या ताकदीच्या बाहेर. आणि हे कायद्याने भरलं तर. वर दोन-चार टन टाकून निघालेला ट्रेलर मे महिन्यात दुपारी तापल्या डांबरावर रुंद टायर फोडून उभा राहिला, तर मागून येणाऱ्याचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. सस्ती स्टेपनी आणि पुढचा पंक्चरवाला हाच ज्याचा विमा आहे, त्या एका गाडीच्या मालकाचंही काय होईल याचा विचार करा. तो काही रस्त्याचा शत्रू नाही. भाडं पडतं, डिझेल वाढतं, हप्ता थांबत नाही, म्हणून तो वजन भरतो.

दुसरा विषय टोलचा. आपला टोल एक्सलच्या संख्येने वाढतो. दोन एक्सलचा दर वेगळा, तीनचा वेगळा, चार ते सहाचा वेगळा. पण तेवढंच वजन जास्त एक्सलवर विभागलं तर रस्ता कमी झिजतो. म्हणजे रस्ता वाचवणाऱ्या गाडीला आपण जास्त टोल लावतो. १७७० च्या सुमारास इंग्लंड चुकीच्या चाकाला सवलत देत होतं, आपण बरोबर गाडीला दंड करतो. चूक तीच, सोयीचं तेवढंच मोजण्याची.

राष्ट्रीय महामार्ग जाड असतात, ते कदाचित सोसतील. पण ट्रेलर महामार्गावरच थांबत नाही. तो एमआयडीसीत वळतो, कारखान्यावर जातो, सिमेंटच्या गोडाऊनला जातो, आणि तिथे जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा पातळ डांबराचा रस्ता असतो. सिंगल टायरचा फरक सगळ्यात जास्त पडतो तो अशाच रस्त्यावर. त्याची दुरुस्ती दिल्लीच्या पैशाने होत नाही.

म्हणून हा बदल आपल्याकडे येईल तेव्हा तीन गोष्टी आपण मागायच्या. एक, वजनाच्या तक्त्यात टायरच्या संख्येबरोबर रुंदी मोजा आणि रुंद सिंगलला जोडीएवढं वजन सरसकट देऊ नका. दोन, परवानगीआधी आपल्या रस्त्यांवर, पातळ डांबरावरसुद्धा, चाचणी घ्या. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेकडे रस्त्यावर वेगाने भार टाकून बघायची यंत्रणा आहे. तीन, टोल एक्सलच्या संख्येवर न ठेवता एक्सलच्या वजनावर आणा. चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे टोलनाक्यांवर बसलेत, त्यांचा उपयोग तरी होईल.

डिझेल वाचलं तर चांगलंच आहे. धूर कमी झाला तर आपल्याच पोरांच्या छातीला बरं. मालकाला चार पैसे सुटले तर आनंदच. फक्त ते चार पैसे आपल्या रस्त्यातून निघालेले नसावेत.

आपल्या भागातला कोणता रस्ता ट्रेलरमुळे दर पावसाळ्यात जातो, तो शेवटचा कधी झाला आणि किती महिने टिकला, हे खाली लिहा. गाव आणि रस्त्याचं नाव टाका. ट्रान्सपोर्टवाल्यांनीही लिहा, तुमची बाजूही यायला हवी. एकत्र यादी झाली की बांधकाम खात्यासमोर ठेवता येईल.